डोंगरातली वीज कोणासाठी?

भूतान सरकारच्या मालकीचे बिटकॉइन किती, असा प्रश्न २०१८ साली कोणी विचारला असता तर तो विनोद ठरला असता. सप्टेंबर २०२४ मध्ये जगाला त्याचे उत्तर मिळाले : सुमारे १३ हजार. आठ लाखांहून कमी लोकसंख्येच्या या देशाने ते बाजारातून विकत घेतलेले नव्हते. आपल्या नद्यांपासून तयार होणाऱ्या विजेवर, आपल्याच डोंगरांत उभारलेल्या यंत्रशाळांमधून त्याने ते ‘खणून’ काढले होते. त्या वेळच्या भावाने या साठ्याची किंमत देशाच्या वार्षिक सकल उत्पादनाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास भरत होती. पुढे विक्रीमुळे हा साठा घटला; पण एक राष्ट्र आपली जलसंपत्ती थेट कूटचलनात रूपांतरित करू शकते, हे तोवर सिद्ध झाले होते.

ही बातमी आपल्याकडे कुतूहल म्हणून वाचली गेली आणि विसरली गेली. माझ्या मते ती भारताच्या ऊर्जा धोरणाशी, शेजारधर्माशी आणि हिमालयीन राज्यांच्या भवितव्याशी निगडित आहे. भूतानच्या ज्या नद्यांवर ही वीज तयार होते, त्यांवरील बहुतेक मोठे प्रकल्प भारतीय करदात्याच्या पैशाने उभे राहिले आहेत. त्या देशाची अतिरिक्त वीज विकत घेणारा ग्राहक भारत आहे, आणि हिवाळ्यात त्याला वीज पुरवणाराही भारतच आहे.

तारांवाचून निर्यात

प्रथम या ‘खाणकामा’चे स्वरूप समजून घेऊ. बिटकॉइनच्या व्यवस्थेत जगभरची यंत्रे एका गणिती कोड्याचे उत्तर अंदाजाने शोधत असतात. सरासरी दर दहा मिनिटांनी एका यंत्राला ते सापडते, व्यवहारांची एक नोंद पक्की होते आणि त्या यंत्राच्या मालकाला नवी नाणी मिळतात. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस दर नोंदीमागे ३.१२५ बिटकॉइन इतके आहे. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला साधारण ४५० नाणी. दर चार वर्षांच्या सुमारास हे बक्षीस निम्मे होते. यंत्रे वाढली तर नाणी वाढत नाहीत. साधारण दोन आठवड्यांनी कोडे तेवढ्याच प्रमाणात अवघड केले जाते. ज्याच्याकडे वीज स्वस्त, तो टिकतो. ज्याच्याकडे ती महाग, तो बाहेर पडतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार या शर्यतीत वर्षाला सुमारे १३८ अब्ज युनिट वीज खर्ची पडते.

या गणितामुळेच हा उद्योग दुर्गम भागांकडे ओढला जातो. वीज दूर नेण्यासाठी मनोरे, तारा, जंगलातून जाणारी मार्गिका आणि वर्षानुवर्षांच्या परवानग्या लागतात. नाण्यांची मालकी मात्र एका साध्या इंटरनेट जोडणीवरून जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. दुर्गम खोऱ्यात जमीन स्वस्त असते, हवा थंड असल्याने यंत्रे तापत नाहीत आणि पंख्यांच्या अखंड घरघरीविरुद्ध तक्रार करणारे शेजारी थोडे असतात. धरण आहे पण ग्राहक नाही, अशा जागी हा उद्योग तारांवाचून वीज निर्यात करण्याची सोय घेऊन येतो. ही युक्ती खरोखरच आकर्षक आहे, आणि तिच्या टीकाकारांनी हे आधी मान्य करायला हवे.

भूतानने ती नेमकी ओळखली. सरकारी मालकीच्या ‘द्रुक होल्डिंग अँड इन्व्हेस्टमेंट्स’ या कंपनीने बिटकॉइनचा भाव पाच हजार डॉलरच्या आसपास असताना या व्यवसायात पाऊल टाकले. २०२३ पर्यंत त्याची जाहीर वाच्यता नव्हती. त्याच वर्षी ‘बिटडियर’ या सिंगापूरस्थित कंपनीशी भागीदारी जाहीर झाली आणि गेडू येथे १०० मेगावॉटची यंत्रशाळा उभी राहिली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीचा खर्च भागवण्यासाठी बिटकॉइन विकल्याचे पंतप्रधान त्शेरिंग तोबगे यांनी जाहीरपणे सांगितले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण सीमेवरील नियोजित ‘गेलेफू माइंडफुलनेस सिटी’ने आपल्या राखीव निधीत बिटकॉइनला स्थान देत असल्याची घोषणा केली. शिकलेली तरुण पिढी ऑस्ट्रेलियाला निघून जात असलेल्या देशात डॉक्टर, शिक्षक आणि अभियंते यांना रोखून धरण्यासाठी वेतन वाढवणे ही चैन नव्हती. त्यासाठी लागणारा पैसा नदीतून आला, ही बाब क्षुल्लक नाही.

हिवाळ्यातला हिशेब

तरीही या यशोगाथेला दुसरी बाजू आहे, आणि ती ऋतुचक्रात दडलेली आहे. भूतानचे बहुतेक जलविद्युत प्रकल्प मोठा जलसाठा न करता वाहत्या पाण्यावर चालतात. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात, तेव्हा वीज इतकी असते की ती भारताला विकावी लागते. हिवाळ्यात बर्फ वितळणे थांबते, प्रवाह आटतो आणि उत्पादन क्षमतेच्या पाव हिश्श्याच्याही खाली येते. अलीकडच्या हिवाळ्यांत भूतानला भारताकडून वीज घ्यावी लागते ती यामुळेच.

नदीचे अर्थशास्त्र असे ऋतूंवर चालते. यंत्रांचे तसे नाही. खाणकामाचे यंत्र तीन-चार वर्षांत कालबाह्य होते, कारण अधिक कार्यक्षम यंत्रे बाजारात येतात आणि बक्षीसही निम्मे होत जाते. तेवढ्या अवधीत भांडवल वसूल करायचे तर यंत्र वर्षभर, अहोरात्र चालले पाहिजे. हिवाळ्याचे चार-पाच महिने ते बंद ठेवणे म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग वाया घालवणे. ‘आम्ही फक्त पावसाळ्यातली वाया जाणारी वीज वापरतो’ हे समर्थन ऐकायला निर्दोष आहे. मात्र यंत्रे हिवाळ्यात बंद राहिली तरच ते खरे ठरते. ती चालू राहिली तर जानेवारीत भारतातून जाणारी वीज अप्रत्यक्षपणे कूटचलनासाठी खर्च होते; आणि भारतातील हिवाळ्याच्या रात्रीची वीज प्रामुख्याने कोळशाची असते. थंड डोंगरातले ‘हरित नाणे’ अशा वेळी झारखंड-ओडिशातील कोळशाच्या राखेशी जोडले जाते.

एक साधा हिशेब पाहू. १०० मेगावॉटची यंत्रशाळा दिवसभर चालली तर २४ लाख युनिट वीज लागते. मांगदेछू प्रकल्पाच्या विजेसाठी भारत आणि भूतान यांच्यात २०१९ मध्ये ठरलेला दर युनिटला ४ रुपये १२ पैसे होता. त्या दराने ही वीज भारताला विकली तर दिवसाला सुमारे ९९ लाख रुपये मिळतात. ते रोज मिळतात, त्यासाठी नवी यंत्रे आयात करावी लागत नाहीत आणि भावही रातोरात कोसळत नाही. खाणकामाला या हमीच्या उत्पन्नापेक्षा अधिक मिळवावे लागते, तेही यंत्रांची किंमत वसूल करून. बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरला जाऊन वर्षभरात साडेसोळा हजारांच्या आसपास उतरला होता. भाव चढता असतो तेव्हा खाणकाम या हमीच्या उत्पन्नाला सहज मागे टाकते. तो उतरला की सरकारने हमीचा ग्राहक सोडून जुगार पत्करला, असे दिसू लागते.

भूतानने या चढउतारांची किंमत मोजलेलीही आहे. यंत्रांची खरेदी परकीय चलनात झाली. २०२२-२३ या आर्थिक वर्षात त्या देशाची चालू खात्यावरील तूट सकल उत्पादनाच्या एक तृतीयांशाच्या घरात गेली आणि खाणकामासाठीची आयात हे त्याचे ठळक कारण होते, अशी नोंद जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या दोघांनीही केली. एका वर्षाच्या अत्यावश्यक आयातीला पुरेल इतकी परकीय गंगाजळी राखली पाहिजे, असे बंधन भूतानच्या राज्यघटनेतच आहे. अशा देशाने गंगाजळी खर्चून यंत्रे घेणे हा किरकोळ निर्णय नव्हता. तो संसदेतील सविस्तर चर्चेनंतर व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो सरकारी कंपनीच्या चार भिंतींत झाला. पुढे नफा झाला म्हणून निर्णयाची ही पद्धत योग्य ठरत नाही.

ज्यांनी हा धडा आधी गिरवला

भूतान या वाटेवर एकटा नाही. चीनमधील सिच्वान प्रांतात पावसाळ्यात धरणांच्या कडेला यंत्रशाळा गजबजत आणि हिवाळ्यात हीच यंत्रे ट्रकांत भरून शिनजियांगच्या कोळशाच्या विजेकडे नेली जात. २०२१ मध्ये चीनने या उद्योगावर बंदी घातली, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा शेजारच्या कझाकस्तानात गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये बिटकॉइनच्या जागतिक गणनक्षमतेपैकी सुमारे १८ टक्के त्या एका देशात होती. त्याच हिवाळ्यात तेथील जुनाट कोळसा प्रकल्पांवरचा भार पेलवेनासा झाला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस नोंदणीकृत खाणकाम कंपन्यांचीही वीज तोडावी लागली. इराणने २०२१ च्या उन्हाळ्यात शहरे अंधारात जाऊ लागल्यावर चार महिन्यांची बंदी घातली. रशियात अंगारा नदीवरील स्वस्त जलविद्युतेने सैबेरियातील इर्कुत्स्कला खाणकामाचे केंद्र बनवले होते. तेथे २०२५ च्या आरंभी हिवाळ्यापुरती बंदी आली आणि काही महिन्यांतच त्या प्रांताच्या दक्षिण भागात ती वर्षभराची झाली.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला प्लॅट्सबर्ग नावाचे छोटे शहर आहे. सेंट लॉरेन्स नदीवरील स्वस्त विजेचा ठरावीक वाटा त्याला मिळतो. खाणकाम कंपन्या आल्या, २०१८ च्या थंडीत शहराने आपला वाटा ओलांडला, वरची वीज खुल्या बाजारातून महाग दराने घ्यावी लागली आणि ती वाढ घराघरांच्या बिलात उतरली. मार्च २०१८ मध्ये शहराने नव्या यंत्रशाळांना १८ महिन्यांची मनाई केली. खाणकामाचा भार घरगुती ग्राहकांच्या बिलावर कसा येतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

याच्या उलट अनुभवही आहे, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर नॉर्वेतील हाडसेल येथील रहिवासी यंत्रशाळेच्या आवाजाने त्रासले होते. २०२४ मध्ये ती बंद झाली. पण स्थानिक वीजजाळ्याच्या देखभालीचा मोठा वाटा हाच ग्राहक उचलत होता. तो गेल्यावर उरलेल्या कुटुंबांच्या बिलात सुमारे २० टक्के वाढ झाली. इथिओपियात जवळपास निम्म्या लोकसंख्येकडे वीज नाही, तरीही सरकारी वीज कंपनी २०२२ पासून खाणकाम कंपन्यांना वीज विकत आली आहे. त्या कंपन्या डॉलरमध्ये पैसे देतात, आणि नव्या धरणाची वीज गावोगाव पोहोचवायला लागणाऱ्या तारांसाठी तेच डॉलर हवे आहेत, हा तेथील युक्तिवाद आहे. तो हास्यास्पद नाही. मात्र ते डॉलर खरोखर तारांवर खर्च होतात का, हे दाखवून देण्याची जबाबदारी युक्तिवाद करणाऱ्यावर येते.

या साऱ्या उदाहरणांतून मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. जेथे दर, ऋतू आणि नफ्याचा वाटा यांचे नियम आधी ठरले नव्हते, तेथे सरकारांना अखेर हिवाळ्याच्या मध्यात, अंधार झाल्यावर, घाईने बंदी घालावी लागली. बंदीनंतर यंत्रे ट्रकांत भरून पुढच्या देशात गेली. मागे राहिले ते रिकामे गाळे, तापलेले रोहित्र आणि कर्ज.

आपल्या दारातला प्रश्न

भारतात मोठ्या प्रमाणावर खाणकाम होत नाही, मग आपण का चिंता करावी, असे कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना कूटचलन व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले; सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, आणि खाणकामासाठीच्या पायाभूत सुविधांचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही, हेही सरकारने संसदेत स्पष्ट केले. म्हणजे खाणकामाला बंदी नाही, परवानाही नाही. केवळ करामुळे ते परवडत नाही. कर बदलला की चित्र बदलेल. हे धोरण म्हणता येत नाही; ते एका करतरतुदीचे उपफळ आहे.

नियमांच्या या पोकळीत काय वाढते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने बिटकॉइन खाणकामातून दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आमिष दाखवल्याचा आरोप आहे. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटका केल्या आणि देशभरचे गुन्हे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले. दिवसाला सगळ्या जगात मिळून ठरावीकच नाणी निघतात आणि स्पर्धक वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो, एवढी एक गोष्ट सर्वसामान्य गुंतवणूकदाराला माहीत असती, तर असा परतावा अशक्य आहे हे त्याने कागदावरच ताडले असते.

उद्याचा खरा प्रश्न हिमालयीन राज्यांपुढे येणार आहे. अरुणाचल प्रदेशात २००० मेगावॉटचा सुबनसिरी आणि २८८० मेगावॉटचा दिबांग असे प्रकल्प आहेत. तिथली वीज देशाच्या इतर भागांत न्यायची तर ईशान्येला जोडणाऱ्या सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून पारेषण मार्ग काढावे लागतात. तारा यायला उशीर आहे, तोवर धरणाच्या पायथ्याशीच यंत्रे बसवू, असा प्रस्ताव घेऊन कोणी तरी ईटानगर वा शिमल्याला जाईल. कूटचलनासाठी नसेल तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांसाठी. निधीच्या टंचाईत असलेल्या राज्य सरकारला तो मोह टाळणे कठीण जाईल. त्या वेळी धरणाची खरी किंमत कोणी मोजली, हे विचारले गेले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या ल्होनाक हिमसरोवराचा बांध फुटला आणि १२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. भूतानमध्ये २००८ साली काम सुरू झालेला पुनात्सांगछू-१ प्रकल्प २०१३ मध्ये डोंगराची कड खचल्यापासून रखडला आहे. ज्या विजेसाठी खोरे असा धोका पत्करते, ती ‘वाया जाणारी’ म्हणून स्वस्तात देऊन टाकण्याजोगी नसते.

भूतानबाबत भारताने संयमाने वागावे, असे मला वाटते. चुखा आणि ताला प्रकल्पांचा ६० टक्के खर्च भारताने अनुदान म्हणून दिला, नंतरच्या प्रकल्पांत हे प्रमाण घटून कर्ज वाढले. पण अनुदान दिल्याने नदीची मालकी मिळत नाही. आपली वीज कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार भूतानचा आहे. ती विकत घेणारा ग्राहक एकच असेल तर विक्रेत्याने दुसरा शोधणे स्वाभाविक असते, आणि दिल्लीने दराच्या वाटाघाटींत हे ध्यानात ठेवावे. मात्र हिवाळ्यात भारतातून जाणाऱ्या विजेचा ऋतुनिहाय हिशेब मागणे, आणि त्या काळात खाणकामाचा भार थांबवण्याची अट वीजविक्रीच्या करारात घालणे, यात हस्तक्षेप नाही. वीज विकणारा कोणताही पुरवठादार एवढे करतोच.

देशांतर्गत मात्र केंद्राने वाट पाहू नये. अशा उद्योगांसाठी राज्य वीज नियामक आयोगांनी स्वतंत्र वर्गवारी करावी. तिला कोणत्याही अन्य ग्राहकाच्या खिशातून सवलत मिळू नये, आणि टंचाईच्या वेळी सर्वात आधी खंडित होणारा भार हीच असावी. स्थानिक वीजजाळ्याच्या विस्ताराचा खर्च कंपनीने आगाऊ भरावा, म्हणजे ती निघून गेल्यावर हाडसेलसारखी वेळ गावावर येणार नाही. २००८ च्या जलविद्युत धोरणाने प्रकल्पाच्या राज्याला १२ टक्के मोफत वीज, स्थानिक क्षेत्र विकासासाठी आणखी एक टक्का आणि प्रकल्पबाधित कुटुंबांना दहा वर्षे दरमहा १०० युनिट वीज देण्याची तरतूद केली आहे. धरणाच्या पायथ्याशी यंत्रशाळा येणार असेल, तर तिच्या उत्पन्नातही असाच वाटा त्या खोऱ्याला कायद्याने मिळाला पाहिजे. आणि सरकारी कंपनी अशा व्यवसायात उतरणार असेल, तर किती वीज वापरली, किती नाणी मिळाली, केव्हा आणि कोणत्या भावाने विकली, याचा तिमाही हिशेब विधिमंडळासमोर ठेवणे बंधनकारक असावे.

या अटी पाळूनही एखादी यंत्रशाळा फायद्यात चालत असेल, तर तिला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. त्या पाळताच तिचा नफा नाहीसा होत असेल, तर तो नफा आजवर खोऱ्यातील कुटुंबे आणि इतर वीजग्राहक भरत होते, एवढाच त्याचा अर्थ निघतो. अरुणाचलच्या एखाद्या करारावर सही होण्यापूर्वी हा हिशेब मांडला गेला पाहिजे. कझाकस्तानने तो वीज गेल्यावर मांडला.